हरवलेल्यांचा रकाना

दवाखान्यातून निघताना ‘येतो’ म्हणू नये, हे आमच्याकडे कुणाला शिकवावं लागत नाही. घरातून, पाहुण्यांकडून, कुठूनही निघताना ‘येतो’ म्हणायचं. चुकून ‘जातो’ निघालं तर म्हातारी माणसं अंगावर येतात. दवाखान्यात मात्र सगळं उलटं. तिथून निघताना ‘जातो’ म्हणायचं, तेही जरा मोठ्यानं. दवाखान्यातल्या लोकांनीही ‘या परत’ म्हणायचं नाही. हे मला माहीत होतं, आमच्या डॉक्टरीणबाईंना माहीत होतं, झाडूवाल्या मावशींना माहीत होतं. ज्या इंजिनिअरनं पुण्याहून येऊन सांगलीच्या त्या दवाखान्यात कॉम्प्युटर बसवला, त्याच्या आजीलाही माहीत असणार. पण प्रोग्रॅम लिहिताना त्याला आजी आठवली नाही, आणि प्रत्येक पेशंटला निघताना द्यायच्या चिठ्ठीवर त्यानं ठळक अक्षरांत छापून घेतलं : ‘पुन्हा या’. खाली तारखेसाठी मोकळी जागा. ती तारीख भरायचं काम माझं.

हे नव्वदच्या दशकाच्या मध्यातलं. बारावीनंतर मी साताऱ्यात कॉम्प्युटरचा कोर्स केला होता. कोर्स कसला, एका मशिनवर चौघी बसायचो आणि पाळी येईपर्यंत वहीत काढलेल्या की-बोर्डवर बोटं आपटायचो. कोर्स संपला आणि आईच्या छातीत गाठ निघाली. आमचं गाव वडूजच्या पुढं. वडील मागंच वारलेले, भाऊ फौजेत, तेव्हा पठाणकोटला. वहिनीच्या पदरात तान्हं मूल. तेव्हा आईबरोबर सांगलीला राहायला मोकळी अशी मीच. ऑपरेशन झालं, गाठ वाईट निघाली, टाके वाळायची वाट बघत आम्ही वॉर्डात पडून होतो, तेव्हा कॉम्प्युटरची ती खोकी आली.

खोकी उघडली, इंजिनिअरनं सगळं जोडून दिलं, दोन दिवस शिकवलं आणि तो गेला. दुसऱ्या दिवशी मशीन चालेना. दवाखान्याच्या वह्या लिहिणारा मुलगा, ज्याला शिकवलं होतं, तो मशीनला हातच लावेना, कारण त्याला वाटलं आपण काहीतरी मोडलं. मी आईचा डबा धुवायला चालले होते. आत डोकावले तर फ्लॉपी आत अडकून राहिली होती. ती काढली, मशीन चालू झालं. डॉक्टरीणबाई दारात उभ्या होत्या. “तुला येतं हे?” त्यांनी विचारलं. मी म्हटलं, थोडं येतं. “थोडंच हवंय,” त्या म्हणाल्या. अशी मला नोकरी लागली. मशीनमध्ये मी भरलेलं पहिलं नाव माझ्या आईचं.

काम काय होतं ते सांगते, म्हणजे पुढचं कळेल. त्या दवाखान्यात गाठींची ऑपरेशनं व्हायची. अशा पेशंटला पुढं कित्येक वर्षं ठरावीक मुदतीनं तपासून घ्यावं लागतं. गाठ परत धरते का, लवकर कळलं तर काही करता येतं. कुणाला कधी यायचं हे प्रोग्रॅम ठरवायचा. सकाळी मशीन चालू केलं की आज येणाऱ्यांची नावं छापून मिळायची. संध्याकाळी मी जो आला त्याच्यापुढं ‘आले’ करायचं. जो आला नाही तो आपोआप ‘चुकले’ मध्ये जायचा आणि मी त्याला कार्ड धाडायचं. तरी आला नाही तर दुसरं कार्ड. त्यालाही उत्तर नसेल तर काही महिने गेले की प्रोग्रॅम मला न विचारता ते नाव उचलायचा आणि शेवटच्या रकान्यात टाकायचा. त्या रकान्याचं नाव इंजिनिअरनं ठेवलं होतं ‘हरवले’. एकदा माणूस हरवला की त्याला कार्ड जायचं बंद. ‘वारले’ असाही रकाना होता. तो मात्र मी स्वतः भरायचा.

मशीनला जन्मतारीख दिल्याशिवाय नाव पुढं सरकायचं नाही. आमच्याकडच्या बायांना कसली जन्मतारीख? “मोठ्या दुष्काळात झाले,” एक सांगायची. “थोरल्या भावाच्या लग्नात मी अंगावर पीत हुते,” दुसरी. मग शाळेतले गुरुजी करतात तेच मी केलं. सगळ्यांना एक जूनला जन्माला घातलं. आईलाही. खटाव तालुक्यापासून शिराळ्यापर्यंतच्या साऱ्या बाया एकाच दिवशी जन्मल्या आणि मशीननं हूं का चूं केलं नाही.

पहिल्या वर्षी पेशंट येतच नव्हते. चुकलेल्यांचे कागद प्रिंटरमधून करकर करत निघत राहायचे. डॉक्टरीणबाई वैतागायच्या. “कापायला येतात, दाखवायला येत नाहीत,” म्हणायच्या. मग एके दिवशी झाडूवाल्या मावशींनी सुपलीभर कागद आणून माझ्या टेबलाशेजारी ठेवले आणि विचारलं, हे जाळू का ठेवू. आमच्याच चिठ्ठ्या. फाटकापाशी, लिंबाच्या पारावर, औषधाच्या दुकानाच्या कट्ट्यावर, जिथं सापडेल तिथं लोक त्या सोडून जात होते. फाडलेली एकही नव्हती. नीट घडी घालून, दवाखान्याची वस्तू दवाखान्यात ठेवली होती.

डॉक्टरीणबाईंनी एक चिठ्ठी उचलून वाचली आणि कपाळाला हात लावला. “अगं, आपण लोकांना दवाखान्यात पुन्हा या म्हणतोय!” त्या म्हणाल्या. “माझ्या सासूबाईंनी हे पाहिलं असतं तर मला घरात घेतलं नसतं.” आम्ही दोघी हसलो. छापलेलं आलं की आपण ते वेगळ्याच डोक्यानं वाचतो. एवढे महिने मी रोज त्या दोन शब्दांखाली तारखा घालत होते आणि मला काही खटकलं नव्हतं. आम्ही नवीन चिठ्ठ्या छापून घेतल्या. ‘दाखवून जावे’. त्यात येणं नव्हतं, जाणंच होतं. त्या चिठ्ठ्या लोक घरी न्यायला लागले आणि माणसं थोडीफार येऊ लागली.

आई मात्र आली नाही. पहिल्या दोन वेळा मी गावी जाऊन तिला हाताला धरून आणलं होतं. तिसऱ्या वेळी तिनं हात सोडवून घेतला. नवी चिठ्ठी मी मुद्दाम दाखवली तर म्हणाली, “शब्द बदललास म्हणून दवाखाना बदलतुय व्हय?” तिला काही होत नव्हतं. ती रानात जात होती, शेळ्या बघत होती, जखम सुकून पांढरी झाली होती. जिथनं सुटलो तिथं आपल्या पायानं कशाला जायचं, एवढं साधं तिचं म्हणणं होतं.

तिची तारीख उलटली. सकाळच्या कागदावर तिचं नाव ‘चुकले’ मध्ये आलं. नियमाप्रमाणं मी कार्ड घेतलं, पत्ता घातला. माझ्याच घरचा. ‘आपली तपासणीची तारीख उलटून गेली आहे. कृपया दाखवून जावे.’ शिक्का मारला आणि बाकीच्या कार्डांबरोबर पेटीत टाकलं. वहिनीच्या अक्षरात उत्तर आलं : आई विचारतात, हे पत्र लेकीनं पाठवलंय का दवाखान्यानं? लेकीनं असेल तर लेकीनं आईला असं बोलावू नये, म्हणतात.

मला त्या दिवसांत फारसं काही वाटत नसे. हे मी कौतुकानं सांगत नाही आणि तक्रार म्हणूनही नाही. तसं होतं एवढंच. सुरुवातीला कुणाचा मुलगा येऊन “आई गेली हो” म्हणायचा तेव्हा माझे डोळे भरायचे. मग ते थांबलं. मुलगा बोलत असतानाच माझं बोट ‘वारले’च्या रकान्याकडं जायचं. गाव काय, कधी वारल्या, कशानं वारल्या, एवढं विचारायचं आणि एंटर मारायचं. जेवायला बसले तरी काही अडायचं नाही. खोलीवर जाऊन गाढ झोपायचे. माझी खोली हळदीच्या पेठेकडं होती, उन्हाळ्यात वारं सुटलं की नाकातोंडात हळद जायची, आणि मला तेवढाच काय तो त्रास आठवतो.

दुसरं कार्डही गेलं. आणि एके दिवशी संध्याकाळी खोलीवर आले तर आई दारात बसलेली. वडूजहून विट्यामार्गे एसटीनं एकटी आली होती. ज्वारीचं पीठ, शेंगा, लसणाची चटणी, गाठोड्यात माझी जुनी वाकळ. मला इतका आनंद झाला की मी चपला न काढताच आत गेले. “उद्या सकाळी जाऊ, नाष्टा करून,” मी म्हटलं.

“कुटं?”

“दवाखान्यात.”

“मी लेकीकडं आले,” ती म्हणाली. “दवाखान्यात न्हाई.”

मी डोकं आपटलं, गोड बोलले, चिडले. काही उपयोग झाला नाही. सकाळी मी कामावर गेले. मशीन चालू केलं, आणि आईचं नाव चुकलेल्यांत होतं. ती तिथून हाकेच्या अंतरावर माझ्या स्टोव्हवर भाकरी थापत होती आणि सरकारदरबारी असावं तसं मशीनच्या दरबारी ती बेपत्ता होती. दिवसभर मी ते नाव बघत बसले. शेवटी डॉक्टरीणबाईंना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, “चहा चांगला करतात का तुझ्या आई?”

दुसऱ्या दिवशी त्या खोलीवर आल्या. हातात पिशवी नाही, गळ्यात नळी नाही, साडी नेसून, पाहुण्या आल्यासारख्या. आई गडबडली. सतरंजी झटकली, चहा टाकला, घरात साखर आहे का मला डोळ्यांनीच विचारलं. दोघी बोलत बसल्या. डॉक्टरीणबाई मूळच्या फलटणच्या. तिकडं उसाला पाणी, आमच्याकडं प्यायला नाही, यावर आईनं त्यांना सुनावलं आणि त्यांनी ऐकून घेतलं. चहा झाल्यावर त्या सहज म्हणाल्या, “मावशी, आलेच आहे तर हात लावून बघू का?” घरी आलेल्या बाईला नाही कसं म्हणणार? आईनं चोळीची गाठ सोडली. मी दार लोटून दाराला पाठ लावून उभी राहिले.

डॉक्टरीणबाईंचे हात मला रोजचे ओळखीचे होते. ते आधी जखमेवरून फिरले, मग गळ्यापाशी, मग काखेत गेले. काखेत ते थांबले. बोलणं चालूच होतं, शेळीच्या करडांचं काहीतरी, पण हात तिथून निघाले नाहीत. मी ते बघितलं. मग त्यांनी आईचा पदर नीट केला, पेलाभर पाणी प्यायल्या आणि उठल्या. मी त्यांना कुंकू लावलं. आई उंबऱ्यापर्यंत गेली आणि सवयीनं म्हणाली, “या हां परत.”

“बघा, तुम्हीच बोलावलंत,” त्या हसून म्हणाल्या. आईच्या लक्षात आलं तशी तीही तोंडाला पदर लावून हसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मला बाजूला घेतलं. काखेत गाठ होती. मिरजेला शेक घ्यावा लागेल, किरणांचा, रोज जाऊन, काही आठवडे. “त्यांना तू सांग,” त्या म्हणाल्या, “माझ्याकडून त्या ऐकणार नाहीत.” मी मान हलवली. जागेवर जाऊन आईच्या नावापुढं ‘आले’ केलं. कोण कुणाकडं आलं हे मशीन विचारत नव्हतं. पुढची नावं घेतली. त्या दिवशी कामात माझी एकही चूक झाली नाही आणि दुपारी मी पोटभर जेवले.

रविवारी दुपारी आई मेथी निवडत बसली होती. मी समोर बसले आणि सांगून टाकलं.

“परत गाठ हाय?” तिनं विचारलं.

“काखंत हाय. बारीक हाय.”

“मंग?”

“मिरजंला शेक घ्यायचा. रोज जायचं. मी येते संगं.”

ती निवडत राहिली. पानं एकीकडं, काड्या एकीकडं.  मग म्हणाली, “तू त्या मशिनीत समद्यांची नावं बगतीस न्हवं?”

“व्हय.”

“माज्यासारख्या बाया बी आसतील त्यात.”

“हायत की.”

“त्यांचं काय झालं?”

खोटं बोलायचं माझ्या मनातही आलं नाही. “काही येत्यात अजून,” मी म्हटलं. “काही गेल्या.”

“आन् बाकीच्या?”

“बाकीच्या हरवल्या.”

तिनं मान वर केली. “हरवल्या? म्हंजी जत्रंत हरवत्यात तशा?”

“तसं न्हवं गं. यायच्या बंद झाल्या. कार्डं धाडली, उत्तर न्हाई. मेल्या का बऱ्या झाल्या, कायबी कळत न्हाई. मशीन त्यांस्नी हरवल्या म्हणून ठेवतं.”

“मंग त्यांस्नी परत बोलवत न्हाईत?”

“न्हाई.”

आईनं हातातली काडी बाजूला टाकली. मग बाजारात मनासारखी वस्तू सापडावी तशी तिची मुद्रा सैल झाली. “बरं हाय की ते,” ती म्हणाली. “मला बी त्यातच घाल. मला हरवू दे.”

इतके महिने मला काही वाटत नव्हतं म्हणून सांगितलं ना, ते त्या क्षणी संपलं. मला राग आला. असा राग मला त्याआधी कधी आला नव्हता आणि नंतरही नाही. मी तिच्या हातातली मेथी ओढून घेतली आणि फेकली. “खड्ड्यात गेलं ते मशीन,” मी ओरडले. “मला कळायला पायजे. तू जगतीस का मरतीस, कुटं दुखतंय, किती दुखतंय, समदं मला कळायला पायजे. मी तुजी लेक हाय. मला न सांगता हरवायचं न्हाई.” आणि मग मी रडले. घरमालकीण खिडकीतून बघून गेली तरी थांबले नाही.

 माझं रडणं ओसरल्यावर आईनं खोलीभर पसरलेली पानं गोळा केली. “कळलं म्हंजी तुला बरं वाटंल?” तिनं विचारलं.

“व्हय.”

“आगं मंग तसं सांगायचं. तू मला बरं वाटायसाठी बोलवतीस म्हणून मी आपली येत नव्हते,” ती म्हणाली, आणि भाजी धुवायला उठली.

त्यानंतर आईनं एकही तारीख चुकवली नाही. मिरजेच्या शेकाचे सगळे दिवस ती माझ्या आधी तयार होऊन दारात उभी असायची. पुढची दीड-दोन वर्षं ती गावाहून तपासणीला येत राहिली, एसटीनं, मग भावाला सुट्टी असेल तेव्हा त्याच्या सोबतीनं, शेवटी माझ्याच खोलीवर राहून. गाठ पाठीच्या हाडात गेली ते मला कळलं. फुप्फुसात गेली तेही कळलं. प्रत्येक वेळी मी तिच्या नावापुढं ‘आले’ केलं. शेक घेऊन तिला काही मिळालं का, हे मी डॉक्टरीणबाईंना कधी विचारलं नाही, आणि त्यांनीही आपणहून सांगितलं नाही.

शेवटच्या खेपेला तिला उभं राहवत नव्हतं. रिक्षावाल्यानं आणि मी उचलून आत नेलं. डॉक्टरीणबाईंनी तपासलं, अगदी थोडं, कारण हात लावला तरी तिला सोसत नव्हतं. त्या हात धुवायला वळल्या. आईनं त्यांना जवळ बोलावलं, आणि श्वास पुरेना म्हणून थांबत थांबत म्हणाली, “बाई, काय झालंय ते माज्या पोरीला नीट सांगा. काय बी झाकू नगा. तिला कळलं म्हंजी बरं वाटतं.”

मी पलंगाच्या दुसऱ्या बाजूला तिचा हात धरून उभी होते.